भिंगापुढचा पडदा : कलामहर्षी बाबूराव पेंटर

(बी. ए. भाग २)

कोल्हापुरात खरी कॉर्नरजवळ कॅमेऱ्याचा एक मानस्तंभ आहे. राजाचा पुतळा असतो, पुढाऱ्याचा असतो, संताचा असतो. पण एका यंत्राच्या सन्मानार्थ उभारलेला स्तंभ मी दुसरीकडे कोठे पाहिलेला नाही. मलकापूरहून एस.टी.ने कोल्हापूरला गेलो आणि त्या बाजूला काही काम निघाले, तर मी तेथे दोन मिनिटे थांबतो. थांबलो की मला दोन माणसे आठवतात. एक म्हणजे बाबूराव पेंटर, ज्यांनी शंभर वर्षांपूर्वी याच शहरात चलच्चित्राचा कॅमेरा स्वतःच्या हातांनी तयार केला. दुसरे माझे वडील, ज्यांनी कॅमेरा कधी हातातदेखील धरलेला नाही. या दोघांचा एकमेकांशी काय संबंध, असे वाचकांना वाटेल. तो सांगण्यासाठीच हा लेख लिहिण्याचे धाडस केले आहे.

आमचे मलकापूर शाहूवाडी तालुक्यात, कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर. एके काळी विशाळगडच्या पंतप्रतिनिधींच्या जहागिरीचे हे ठाणे. पुढे आंबा घाट आणि त्यापलीकडे कोकण. पावसाळ्यात येथे पाऊस असा कोसळतो की ट्रंकेतल्या कपड्यांनासुद्धा बुरशी चढते. ही बुरशी या लेखात पुन्हा भेटणार आहे, म्हणून आधीच तिची ओळख करून देतो.

माझे वडील सुतार. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. रस्त्याला लागून त्यांचे पत्र्याचे दुकान आहे. चौकटी, दारे, खाटा आणि क्वचित बैलगाडीचे काम. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. प्रवेशाच्या अर्जात वडिलांचा व्यवसाय लिहावयाचा होता. मी तेथे नुसते धंदा असे लिहिले. ते खोटे नव्हते. पण खरेही नव्हते. वर्गात माझ्या मागेपुढे बसणाऱ्यांचे वडील कोणी शिक्षक, कोणी बँकेत. मला सुतार हा शब्द लिहावयास जड गेला, ही गोष्ट मी आज प्रथमच कबूल करीत आहे.

माझ्या मामांचा पेठेत छोटा फोटो स्टुडिओ होता. प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला आणि पासपोर्ट फोटोखेरीज गिऱ्हाईक उरले नाही, तेव्हा त्यांनी तो बंद केला. जाताना त्यांनी मला दोन वस्तू दिल्या. एक जुना डिजिटल कॅमेरा आणि दुसरे रिळाच्या जमान्यातले एक जपानी भिंग. त्याचे केंद्रांतर १३५ मिलिमीटर. आटे फिरवून बसवावयाचे, पितळी कड्याचे, हातात घेतले की वजनदार. मामा त्याला लांबचे भिंग म्हणत, कारण लांबच्या माणसाचा चेहरा ते जवळ आणते. नेहमीच्या ५० मिलिमीटरच्या भिंगातून जो चेहरा जेवढा दिसतो, त्याच्या जवळजवळ पावणेतीन पट मोठा तो याच्यातून दिसतो. शहरातल्या एका दुकानात दाखविले, तर आत बुरशीचे जाळे आहे, हे भंगार झाले, असे सांगून त्यांनी ते परत केले. बुरशीची ओळख वाचकांना आधी करून दिली आहे ती यासाठीच.

मला मात्र ते टाकवेना. भंगार म्हणजे किती भंगार, हे तरी पाहावे म्हणून मी त्याची परीक्षा घ्यावयाचे ठरविले. अण्णांच्या दुकानातील प्लायवूडच्या एका तुकड्यावर वर्तमानपत्राचे पान ताणून चिकटविले. तो फळा भिंतीशी उभा केला, दहा फुटांवर स्टँड ठेवला आणि भिंगाच्या कड्यावरचा एकेक आकडा बदलत त्याच पानाची छायाचित्रे घेतली. हा आकडा जितका लहान तितके भिंगाचे छिद्र मोठे. ३.५ वर ते सर्वांत मोठे, म्हणजे साडेअडतीस मिलिमीटरच्या आसपास उघडते. तेथे अक्षरे वाचता येत होती, पण त्यांच्यावर जणू सायीचा पापुद्रा आला होता, आणि काळ्या मथळ्याच्या कडेला जांभळट रेघ दिसत होती. निरनिराळ्या रंगांचे किरण एकाच जागी एकत्र न आल्याचा तो परिणाम. ५.६ वर साय विरळ झाली. ८ वर मात्र पान असे स्वच्छ उमटले की बाजारभावाच्या कोष्टकातले बारीक आकडेही वाचता आले, आणि तेही कोपऱ्यापर्यंत. कोपऱ्याचे श्रेय सगळे भिंगाचे नव्हे. माझ्या कॅमेऱ्याचा संवेदक जुन्या फिल्मच्या चौकटीहून लहान, त्यामुळे भिंगाच्या चित्राचा मधला उत्तम भागच तेवढा वापरला जातो. १६ च्या पुढे पुन्हा अक्षरे किंचित मऊ पडली, कारण छिद्र फार बारीक झाले की प्रकाश त्याच्या कडेला वाकून पसरतो. थोडक्यात, भिंग भंगार नव्हते. त्याला काय जमते आणि काय जमत नाही, हे कोणी विचारलेच नव्हते.

त्याच दिवसांत ग्रंथालयात मराठी चित्रपटाच्या इतिहासावरील पुस्तके माझ्या हाती आली, आणि बाबूराव पेंटर हे नाव, जे मी लहानपणापासून केवळ ऐकत होतो, त्याच्यामागचा माणूस दिसू लागला.

बाबूरावांचे खरे आडनाव पेंटर नव्हे. ते बाबूराव कृष्णराव मेस्त्री. त्यांचा जन्म कोल्हापूर येथे ३ जून १८९० रोजी झाला. मेस्त्री हे आडनाव वाचून मी क्षणभर थांबलो. आमच्याकडे अण्णांना गावातले अर्धे लोक मेस्त्री याच नावाने हाक मारतात. बाबूरावांच्या घरी हाताची कला पिढीजात होती. वडील कृष्णराव स्वतः कसबी कारागीर. बाबूराव कोणत्याही कलाशाळेत गेले नाहीत. चित्रकला, मूर्तिकला आणि यंत्राची जाण हे सर्व त्यांनी पाहून, करून आणि चुकून मिळविले. त्यांच्या सोबतीला नात्याने भाऊ लागणारे आनंदराव होते. दोघांनी एकत्र रंगविले, एकत्र स्वप्ने पाहिली आणि दोघांनाही लोक पेंटर याच नावाने ओळखू लागले.

ते कोल्हापूर शाहू छत्रपतींचे. गवई, मल्ल, नट आणि चित्रकार यांना तेथे राजाश्रय आणि लोकाश्रय दोन्ही होते. आबालाल रहिमान यांच्यासारखा श्रेष्ठ चित्रकार त्याच गावी होता. संगीत नाटकाचा तो भरभराटीचा काळ, आणि नाटक म्हटले की पडदे आले. राजवाडा, अरण्य, नदीचा घाट, तुरुंग, सारे काही कापडावर रंगवावयाचे. १९१० ते १९१६ या काळात असे पडदे रंगविणाऱ्यांत आनंदराव व बाबूराव यांचे नाव पश्चिम भारतात अग्रभागी होते. सपाट कापडावर खोली निर्माण करणे, कोपऱ्यात नसलेला काळोख दाखविणे, दूरचा डोंगर दूर वाटावा इतका फिका करणे, हे त्यांचे कसब. बाबूरावांच्या आयुष्यातील हा भाग वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण पुढे याच कसबाशी त्यांचा झगडा झाला.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत प्रदर्शित झाला. तो पाहून या दोघा भावांना चित्रपटाचे वेड लागले. चित्रे हलतात, तर मग आपण ती का हलवू नयेत, असा तो सरळ विचार असावा. पण कॅमेरा विलायतेचा आणि पैसा खिशात नाही. त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून चित्रपट दाखविण्याचे एक जुने यंत्र, म्हणजे प्रोजेक्टर, विकत आणले. त्यावर चित्रपट दाखवावयास सुरुवात केली आणि त्याचबरोबर ते यंत्र उघडून त्याचा अभ्यास आरंभिला.

प्रोजेक्टर उघडून कॅमेरा कसा समजतो, हे मला प्रथम कळेना. मग थोडे वाचल्यावर उलगडले. दोन्ही यंत्रे एकाच कल्पनेची दोन तोंडे आहेत. प्रोजेक्टर आतला प्रकाश फिल्ममधून बाहेर पडद्यावर फेकतो. कॅमेरा बाहेरचा प्रकाश भिंगातून आत फिल्मवर घेतो. दोहोंतही फिल्म सलग सरकत नाही. ३५ मिलिमीटर रुंदीच्या पट्टीच्या दोन्ही कडांना छिद्रे असतात. एक आकडा त्या छिद्रांत शिरून पट्टी चार छिद्रांइतकी खाली ओढतो आणि सोडतो. पट्टी क्षणभर निश्चल उभी राहते, तेवढ्यात झडप उघडते आणि चित्र उमटते. झडप मिटली की पुन्हा ओढ. मूकपटाच्या काळात हे सेकंदाला साधारण सोळा वेळा, तेही हाताने दांडा फिरवून. आकडा केसभर चुकला तर पडद्यावर सबंध राजवाडा थरथरतो. पेटीला सुईएवढी फट राहिली तर सारी फिल्म धुरकट होते. भिंग आणि फिल्म यांतील अंतर कमी-जास्त झाले तर चेहराच हरवतो. हे सर्व कोल्हापुरात, हातातल्या साधनांवर, कोणी शिकविणारा नसताना जमवावयाचे होते.

आणि ऐन मध्यावर, १९१६ साली, आनंदराव वारले. ज्याच्याबरोबर स्वप्न पाहिले तोच गेला. दुसरा कोणी असता तर ते यंत्र कापडात गुंडाळून माळ्यावर टाकता. बाबूरावांनी काम सोडले नाही. विष्णुपंत दामले हे त्यांचे शिष्य यंत्रकामात त्यांच्या मदतीला होते. गुरु-शिष्यांनी अखेर १९१८ साली कॅमेरा पुरा केला. तो चालला, चित्रे स्थिर उमटली. परदेशी कॅमेऱ्यावाचून चित्रपट काढणे शक्य आहे, हे सिद्ध झाले. म्हणूनच त्या स्तंभावर माणूस नसून कॅमेरा आहे, असे मला वाटते.

कॅमेरा झाला, पण कंपनीला भांडवल हवे. ते देण्यास कोल्हापूरच्या गायिका तानीबाई कागलकर पुढे आल्या. त्यांनी दहा हजार रुपये दिले. त्या काळचे दहा हजार म्हणजे केवढी रक्कम, आणि त्या काळी एका गायिकेने ती एका चित्रकाराच्या प्रयोगावर लावावी, याचे मला फार मोल वाटते. आपल्याकडे इतिहास लिहिताना अशी नावे एका ओळीत आटोपतात. अशा रीतीने महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. तेथे दामले होते, चित्रकार साहेबमामा फत्तेलाल होते, आणि लौकरच शांताराम वणकुद्रे नावाचा एक तरुण आला. त्याला पुढे सारा देश व्ही. शांताराम म्हणून ओळखू लागला.

कंपनीचा पहिला चित्रपट 'सैरंध्री'. तो ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. फाळक्यांच्या हरिश्चंद्रात तारामतीची भूमिका साळुंके या पुरुषाने केली होती, कारण स्त्रिया पडद्यावर यावयास तयार नव्हत्या. सैरंध्रीत मात्र गुलाबबाई आणि अनसूयाबाई या स्त्रियांनी काम केले. भीमाने कीचकाचा वध केल्याचे दृश्य इतके खरे वठले की पुढे सेन्सॉरने त्याला कात्री लावली. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली. लोकमान्यांच्या आयुष्याचे ते अखेरचे वर्ष.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. भिंगाच्या दृष्टीने बाबूरावांचे सर्वांत मोठे काम कोणते? माझ्या मते ते कॅमेरा बनविणे हे नव्हे, तर त्यांनी पडदे काढून टाकले हे होय.

नाटकगृहात रंगविलेला पडदा चालतो, कारण प्रेक्षक दूर बसलेला असतो आणि त्याने मनाने ते मान्य केलेले असते. भिंग असे काही मान्य करीत नाही. पडद्यावर खांबाची सावली उजवीकडे रंगविलेली आणि खऱ्या सूर्याने नटाची सावली डावीकडे पाडलेली, हे भिंग जसेच्या तसे टिपते. नटाची सावली रंगविलेल्या आकाशावर पडते. वाऱ्याने राजवाड्याला सुरकुती पडते. शिवाय त्या काळच्या फिल्मला सगळे रंग सारखे दिसत नसत. तांबडा रंग तिच्यावर काळा उमटे आणि निळे आकाश पांढरे फटक पडे. म्हणजे डोळ्याला सुंदर दिसणारा रंगीत पडदा फिल्मवर भलताच होऊन बसे.

बाबूराव हे जाणून होते. त्यांनी पडद्यांऐवजी लांबी, रुंदी आणि खोली असलेली नेपथ्ये उभारली. ज्यांच्या दारातून माणूस खरोखर आत जाऊ शकेल, ज्यांच्या खांबांची सावली खरोखर जमिनीवर पडेल अशी. त्यांनी प्रकाशाकडे रंगासारखे पाहिले. १९२३ सालच्या 'सिंहगड'मध्ये त्यांनी कृत्रिम प्रकाशाचा वापर केला. चित्रीकरणाआधी पात्रांचे पोशाख, हालचाली आणि दृश्ये ते स्वतः रेखाटून काढीत. चित्रपटाची माहितीपुस्तिका काढणे आणि जाहिरातीची पोस्टरे स्वतः रंगविणे हेही त्यांचेच. १९२४ च्या 'कल्याण खजिना'ला वेम्बलेच्या प्रदर्शनात पदक मिळाले.

विचार करा, पडदे रंगविणे हाच ज्यांचा कीर्तीचा धंदा, त्यांनी भिंगापुढे पहिली गोष्ट बाजूला सारली ती पडदाच. आपल्याला जे उत्तम येते, तेच या ठिकाणी उपयोगी नाही, हे ओळखावयास आणि ओळखून तसे वागावयास किती मोठे मन लागत असेल! मी जे वर्तमानपत्राच्या पानावर केले, तेच त्यांनी आपल्या सबंध कलेवर केले. भिंगाला काय जमते, काय जमत नाही, हे त्यांनी स्वच्छपणे विचारले आणि उत्तर आपल्याविरुद्ध आले तरी ते मानले.

हे वाचीत असता मला माझीच एक लबाडी आठवली. मामांच्या स्टुडिओत ताजमहालाचा एक रंगविलेला पडदा होता. आमच्या घरातील एकूण एक फोटो त्या ताजमहालापुढचे. अण्णांचा एकच फोटो आहे, त्यातही त्यांच्यामागे संगमरवर. लांबचे भिंग हाती आल्यावर मी अण्णांची बरीच छायाचित्रे काढली. पण ती कशी? लांबचे भिंग आजूबाजूचे फारसे आत घेत नाही. त्याची नजर अरुंद. छिद्र मोठे ठेवले की चेहऱ्यामागचे सारे धुक्यासारखे विरघळून जाते. मी मुद्दाम ३.५ वर ठेवून केवळ त्यांचा चेहरा घेत असे. मागचा रंधा, भुसा, अर्धवट चौकटी, सगळे गायब. मित्रांना ती छायाचित्रे आवडली. कोणी विचारले नाही की हे गृहस्थ काय करतात. मला तेच हवे होते. थोडक्यात, अर्जातला धंदा हा शब्द मी भिंगाने पुन्हा लिहीत होतो. मामांचा ताजमहाल कापडावर होता, माझा धुक्याचा होता. पण पडदा तो पडदाच.

बाबूरावांनी १९२५ साली 'सावकारी पाश' काढला. हा मूकपट. त्यात देव नाहीत, राजे नाहीत, चमत्कार नाही. सावकाराच्या कपटाने जमीन गमावलेला एक शेतकरी गाव सोडून शहरात जातो आणि गिरणीत कामाला लागतो, एवढीच गोष्ट. तरुण शेतकऱ्याचे काम शांतारामांनी केले. अंधुक उजेडातले एक खोपटे आणि रडणारे कुत्रे, हे त्यातील दृश्य पाहणाऱ्यांच्या मनात वर्षानुवर्षे राहिले. आपल्या देशातील वास्तववादी चित्रपटाचा आरंभ अभ्यासक या चित्रपटापासून मानतात. पण पौराणिक चित्रपटांची सवय झालेल्या प्रेक्षकांनी त्याला तेवढा आश्रय दिला नाही. जो कलावंत आयुष्यभर राजवाडे रंगवीत आला, त्याने पदक मिळाल्याच्या दुसऱ्याच वर्षी गरीब शेतकऱ्याचे खोपटे भिंगापुढे ठेवले. त्यांना ते लाजिरवाणे वाटले नाही. मला माझ्या बापाचे दुकान वाटत होते.

पुढची कथा थोडी उदास आहे. १ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, शांताराम, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांनी कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली. शिष्य गेले, पण त्यांनी गुरूचे नाव राखले. १९३३ साली प्रभात पुण्याला गेली, आणि दामले-फत्तेलाल यांच्या १९३६ च्या 'संत तुकाराम'ची पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात वाखाणणी झाली. महाराष्ट्र फिल्म कंपनी मात्र १९३१ च्या सुमारास बंद पडली. त्याच वर्षी बोलपट आला. बाबूरावांची भाषा चित्राची. बोलणाऱ्या चित्राचे त्यांना फारसे आकर्षण वाटले नाही. तरीही १९३५ साली 'उषा', १९३६ साली 'सावकारी पाश' पुन्हा बोलपट म्हणून, १९३७ साली 'प्रतिभा' असे काही चित्रपट त्यांनी दिले. १९४७ च्या 'लोकशाहीर रामजोशी'च्या दिग्दर्शनात ते आपल्या जुन्या शिष्यासोबत, शांतारामांसोबत होते. चित्रपटाबाहेर त्यांनी पुन्हा कुंचला आणि माती हाती घेतली. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरातच त्यांचे निधन झाले.

त्या काळची फिल्म नायट्रेटची. ती लगेच पेट घेई आणि नुसती ठेवली तरी काही वर्षांत कुजून तिचा चुरा होई. १९२५ चा मूळ 'सावकारी पाश' आज उपलब्ध नाही. जे दृश्य पाहणाऱ्यांना विसरता आले नाही, ते आपल्याला आता कधीच पाहता येणार नाही. हे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही, असे लिहिले तर अतिशयोक्ती होईल. पण एक गोष्ट मनात पक्की बसली. खरे होते ते वेळीच टिपले नाही, तर ते जाते. अण्णांचे दुकानही कायमचे नाही. तयार दारे शहरातून टेंपो भरून येतात. अण्णांकडे पूर्वी दोन गडी होते, आता एकही नाही.

दुसऱ्याच रविवारी मी भिंग घेऊन दुकानात गेलो. दुपारचे ऊन समोरच्या पत्र्यावरून भिंगात शिरत होते आणि चित्रावर पांढरा पदर येत होता. जुन्या भिंगावरचा लेप पातळ, त्यात आत बुरशी. आडवा प्रकाश आत शिरला की तो इकडेतिकडे आदळतो आणि काळा रंग काळा राहत नाही. यावर उपाय म्हणजे भिंगापुढे एक नळकांडे, ज्याला हूड म्हणतात. विकतचे मिळेना. अण्णांनी माझी खटपट पाहिली आणि काय हवे ते विचारले. मी सांगितले. त्यांनी भिंगाच्या तोंडाचा व्यास कागदाच्या पट्टीने मोजला, फणसाच्या लाकडाचा एक ठोकळा शोधला आणि संध्याकाळपर्यंत तो आतून पोखरून, घासून, भिंगावर हलक्या हाताने बसेल असा केला. आतून काय लावायचे, हे मात्र त्यांनी मला विचारले. जी गोष्ट प्रकाश परत फेकणार नाही ती हवी, असे मी म्हणालो. आईने पेटीतून जुन्या काळ्या मखमली झंपराचा तुकडा काढून दिला. तो आतून चिकटविला. दुसऱ्या दिवशी त्याच उन्हात, त्याच जागेवरून छायाचित्र घेतले. पांढरा पदर नाहीसा झाला होता, काळा रंग काळा आला होता. शहराने भंगार ठरविलेल्या भिंगाला एका सुताराने अर्ध्या दिवसात कामाला लावले. बाबूराव आणि दामले त्या कॅमेऱ्यावर कसे वाकले असतील, याचे चित्र मला त्या दिवशी प्रथम डोळ्यांपुढे दिसले.

मग मी रस्ता ओलांडून पलीकडे गेलो. लांबच्या भिंगातून सगळे दुकान घ्यावयाचे तर मागे सरकावे लागते. तीस पावले मागे गेल्यावर अण्णा, त्यांचे बाक, रंधा, मागे उभ्या केलेल्या चौकटी, सारे चौकटीत बसले. लांबून घेतल्यामुळे मागच्या वस्तू लहान होऊन दूर जात नाहीत, माणसाच्या खांद्याशी येऊन उभ्या राहतात. छिद्र मी ८ वर ठेवले, म्हणजे कोपऱ्यातला भुसाही स्पष्ट दिसावा. मध्येच एक ट्रक गेला, एक एस.टी. गेली. अण्णांना मी छायाचित्र घेतो आहे हे ठाऊक नव्हते. ते पट्टीवर डोळा लावून तिची धार सरळ आहे की नाही, हे पाहत होते. एक डोळा मिटलेला, दुसरा उघडा. भिंगामागे मीही तसाच.

ते छायाचित्र आता आमच्या घरात लावले आहे. ताजमहाल पलीकडच्या भिंतीवर आहे, तो काढलेला नाही; आईला तो आवडतो. अण्णांनी छायाचित्र पाहिले, पुष्कळ वेळ पाहिले आणि मागची तिसरी चौकट काटकोनात नसल्याचे सांगितले. खरोखरच ती नव्हती. भिंगाने तेही टिपले होते.

या वर्षीच्या अर्जात मी वडिलांचा व्यवसाय सुतारकाम असा लिहिला आहे.

बाबूराव पेंटर यांच्याविषयी मोठमोठ्या अभ्यासकांनी लिहिले आहे. माझ्यासारख्या विद्यार्थ्याने त्यात भर ती काय घालावी? पण मेस्त्र्यांच्या घरात जन्मून, कलाशाळेचे तोंड न पाहता, भावाच्या मृत्यूनंतरही हातचे काम न सोडता ज्यांनी या मातीत कॅमेरा घडविला, आणि तो घडविल्यावर त्याच्यापुढे खोटा पडदा धरण्याचे नाकारले, त्या कलामहर्षींचे ऋण माझ्यावर आहे. खरी कॉर्नरच्या त्या स्तंभापुढे पुढच्या खेपेला अण्णांना घेऊन जाणार आहे. त्या थोर कारागिरास एका सुताराच्या मुलाचे हे विनम्र अभिवादन.